उभ्यानं ऐकलेली कादंबरी

आत्याबाई गोष्ट उभ्यानं ऐकायच्या. खुर्ची पुढे केली तरी बसायच्या नाहीत, सतरंजी अंथरली तरी नाहीत. ओट्याच्या कडेला काठी रोवायची, दोन्ही हात काठीच्या डोक्यावर, हातांवर हनुवटी आणि उजव्या पायाचा तळवा डाव्या गुडघ्याला टेकवलेला. अशा एका पायावर त्या तासभर सहज उभ्या राहत. ज्यांच्या घरात मेंढरं होती त्यांना हे उभं राहणं समजावून सांगायला नको. मेंढरं चरत असताना बसलं की डोळा लागतो, आणि डोळा लागला की लांडगा येतो. मेंढरं सुटून कितीतरी वर्षं झाली होती, पण आत्याबाईंच्या पायांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची, आबांची, धाकटी बहीण. नाव हौसाबाई. कासुर्डीच्या अलीकडे हायवेपासून आत आमची वस्ती आहे. आबांच्या तरुणपणी हे सगळं घर मेंढरांमागे फिरायचं. मग पाणी आलं, ऊस आला, पाटसच्या कारखान्याला गाड्या जाऊ लागल्या आणि आबा जागेवर बसले. आत्याबाईंचं सासर मात्र फिरतंच राहिलं. एका पहाटे हायवे ओलांडताना भरधाव गाडी कळपात घुसली आणि त्यांचे यजमान जागच्या जागी गेले. आबा तिथे गेले, बहिणीला घरी घेऊन आले आणि वाचलेली मेंढरं तिला न विचारता विकून टाकली. "पुन्यांदा माझी भन त्या रस्त्याला दिसायची न्हाई," एवढंच ते म्हणाले. यात माया होती हे मला कळतं. पण विचारलं असतं तर काय बिघडलं असतं, असंही मला वाटतं, आणि आबांसमोर ते बोलायची माझी छाती नाही.

मी दौंडला ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवते. त्यामुळे घरी मी जाडजूड, गंभीर पुस्तकं वाचत असणार असा स्टाफरूमचा समज आहे. तो मी मोडलेला नाही. खरं सांगायचं तर मला प्रेमाच्या कादंबऱ्या आवडतात. दोघं भेटतात, भांडतात, अडतात आणि शेवटी एकत्र येतात, हे ठाऊक असूनही मी पानं अधाशासारखी उलटते. पुण्याच्या फुटपाथवर घेतलेली अशीच एक कादंबरी मी सुट्टीच्या दुपारी ओट्यावर वाचत होते. आत्याबाई शेंगा फोडत होत्या. त्यांची नजर मुखपृष्ठावर गेली. पिवळ्या झग्यातली एक काळीभोर बाई, तिच्या मागे मोठी हॅट घातलेला तितकाच काळा माणूस, बाजूला घोडी आणि पाठीमागे उघडा माळ.

"ही कोन गं? मोलकरीन हाय का त्यात?" त्यांनी विचारलं.

"नाही आत्याबाई, हीच नायिका."

"आन् त्यो?"

"तो नायक."

"दोघं बी काळी?"

"दोघंही."

त्यांनी हात पदराला पुसले, पुस्तक घेतलं आणि आपला हात त्या बाईच्या हाताशेजारी धरून बघितला. लग्नाआधी आत्याबाईंना रंगावरून कितीजण नाकारून गेले होते हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्या म्हणाल्या, "टीव्हीत ह्या रंगाची बाई भांडी घासायलाच आसती. आन् आमची काळूबाई काय गोरी हाय व्हय? वाच बरं, काय करती ही ते." आणि काठी घेऊन त्या उभ्या राहिल्या.

मग रोजचंच झालं. कॉलेजातून आले, चहा झाला की मी इंग्रजीत एक उतारा मनात वाचायची आणि मराठीत सांगायची. कथा जुन्या काळच्या अमेरिकेतली होती. गुलामगिरी सुटल्यावर काही काळी माणसं पश्चिमेच्या माळावर गेली, त्यांनी स्वतःची गावं वसवली, त्यातलं हे एक गाव. ती तरुण विधवा, शिवणकाम करणारी, भावाच्या दुकानात राहणारी. तो घोड्यावरून गुरं हाकणारा, घर नसलेला. आणि त्याच्या पाण्यावर काटेरी तारेचं कुंपण घालायला निघालेला एक श्रीमंत गोरा शेजारी. घोडी, कुत्री, चारा, पाणी, कुंपण. मला ज्या पानांवर तळटीप हवीशी वाटे, तिथे आत्याबाई नुसती मान हलवत.

एके ठिकाणी मात्र त्या अडल्या. नायिकेची आई लहानपणी बाजारात विकली गेली होती, ते मी सांगत होते. घेणाऱ्यानं तिला तोंड उघडायला लावलं, दात बघितले.

"माणसाचं दात?" आत्याबाई म्हणाल्या.

"हो."

"मेंढरू घेताना दात बघत्यात. वय कळाया." त्यांनी काठी उचलली आणि उसाकडे निघून गेल्या. त्या दिवशी जेवल्याही नाहीत. दुसऱ्या दिवशी परत येऊन उभ्या राहिल्या तेव्हा पहिलं वाक्य होतं, "त्या बाईच्या लेकीचं चांगलं झालंच पायजे. न्हाईतर मी ऐकनार न्हाई."

त्यांचा आणखी एक नियम होता. नायक-नायिकेची नावं घ्यायची नाहीत. "तिनं त्याचं नाव घ्यायचं, त्यानं तिचं. आपून कोन घेनार? लगीन लागलं की घिऊ." त्यामुळे आमच्या घरात ती कादंबरी 'तो' आणि 'ती' यांवरच चालली. जवळिकीचे प्रसंग आले की मी गपचूप चार पानं पुढे जायची. एकदा त्यांनी पकडलंच. "पानं उलटली व्हय गं? मी संसार केलाय पोरी, मला काय ठाव न्हाई? वाच." मी कानापर्यंत लाल होऊन वाचलं. त्या काठीवर हनुवटी ठेवून समाधानानं ऐकत होत्या आणि मधेच म्हणाल्या, "मानूस बरा दिसतोय. घाई करत न्हाई."

ओट्याला लागून आबांची खोली आहे. आमचं वाचन सुरू झालं की तिथला बातम्यांचा आवाज बंद व्हायचा. टीव्ही चालूच असायचा, माणसं तोंडं हलवत असायची, पण आवाज नसायचा. मी खोकले की आवाज परत मोठा व्हायचा. सासरा सुनेच्या तोंडून प्रेमकथा ऐकतोय हे कबूल कोण करणार? आत्याबाईंना हे माहीत होतं. वाचनात कुणी भाऊ बहिणीला दटावायला लागला की त्या मुद्दाम म्हणायच्या, "ते जरा मोठ्यानं वाच."

दिवाळी झाली आणि घोडनदीचे, म्हणजे शिरूरचे, मेंढपाळ पाहुणे आले. दरवर्षी ते शिरूरकडून भीमा ओलांडून खाली उतरतात आणि बाजरी निघालेल्या रानात मेंढरं बसवतात. आम्हाला खत मिळतं, त्यांना धान्य मिळतं. माणूस उंच, कमी बोलणारा, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. आत्याबाईंची मेंढरं आबांनी विकली ती ह्याच माणसाला. त्यामुळे दरवर्षी पाहुणे आले की आत्याबाई रानात जायच्या आणि कळपातून फिरत म्हणायच्या, "ही माझ्या चंद्रीची नात. ही माझ्या बांडीची." पाहुणेही एखादं कोकरू उचलून आपणहून त्यांच्या हातात द्यायचे. मी पाहिलंय म्हणून सांगते, देताना ते कोकराकडे बघत नसत.

या वेळी त्यांनी आत्याबाईंना मागणी घालायला एका वडीलधाऱ्याकडून शब्द टाकला. आमच्यात विधवेचा पाट लागतो, त्यात नवं काही नाही. पण आबा भडकले. चार माणसांसमोर त्यांनी बहिणीला बोलावून घेतलं.

"ह्या वयात मेंढरामागं जायाचं म्हंत्यात तुला. हितं काय कमी हाय? डोक्यावर पत्रा हाय, ताटात भाकर हाय. पयल्याचं काय झालं ते इसरलीस का? व्हय का न्हाई ते आत्ता सांग."

आत्याबाई उभ्याच होत्या. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सूनबाईचं पुस्तक संपलं की सांगते."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कांदा चिरताना अचानक कुणी माइक हातात द्यावा तशी माझी गत झाली.

तेव्हापासून घरात जो ताण आला तो सांगता येत नाही. सासूबाई पुस्तकाकडे चोरून बघायच्या, किती जाड बाजू उरली ते. नवरा मला म्हणाला, "जरा सावकाश वाच ना." पाहुण्यांचा चारा मात्र सावकाश संपत नव्हता. बाजरीचं रान साफ होत आलं होतं, आणि चारा संपला की वाडा, म्हणजे त्यांचा मेंढरांचा तळ, हलणार. आबांना वाटत होतं, पुस्तक चाऱ्याला पुरून उरलं पाहिजे. पाहुणे काहीच म्हणत नव्हते. आणि मी एका भावाच्या भीतीच्या आणि एका बाईच्या मनाच्या मधोमध बसून रोज थोडं थोडं वाचत होते. रात्री मला धड झोप लागायची नाही. शेवट मला ठाऊक होता, पण तो वाचून ही बाई खऱ्या रस्त्याला निघाली आणि खरी गाडी आली, तर? कादंबरी लिहिणाऱ्या बाईला कुणी विचारणार नव्हतं. मला विचारलं असतं.

त्यातच बिबट्याची कुणकुण लागली. पलीकडच्या वस्तीवरून शेळी गेली, मग कुत्रं गेलं. उसात पाऊलखुणा दिसल्या. आमच्याकडे आता हे नवीन राहिलेलं नाही, ऊस आला तसा बिबट्याही आला. पण उघड्या रानात कोकरांची वाघर असताना रात्री उठून बॅटरी मारून बघावंच लागतं. वाघर म्हणजे जाळीचं कुंपण, त्यात लहान कोकरं ठेवतात. जाळी अशी की जोरात शिंकलं तरी हलेल.

त्या संध्याकाळी पाहुणे कळप आणि कुत्री घेऊन पाण्यावर गेले होते. कोकरांवर लक्ष ठेवायला आत्याबाई रानात उभ्या होत्या, म्हणून मी पुस्तक घेऊन तिथेच गेले. दिवस मावळतीला लागला होता. वाघरीच्या एका अंगाला बांध, दुसऱ्या अंगाला ऊस. शेवटून दुसरं प्रकरण. तो तिला आपल्याबरोबर चल म्हणतो, ते पान.

मी वाचत होते आणि पाहुण्यांची ओझ्याची घोडी एकदम फुरफुरली. कोकरांचं ओरडणं थांबलं. आत्याबाईंनी गुडघ्यावरचा पाय खाली घेतला.

"थांबू नको," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं वाच."

"आत्याबाई..."

"उसात हाय. मानसाचा आवाज चालू ऱ्हायला पायजे. वाच म्हंते ना."

मी पुस्तक डोळ्यांसमोर धरलं आणि ओरडून वाचायला लागले. "तो तिला म्हणाला, माझ्याकडे घर नाही! माझ्याकडे माळ आहे! मी तुला सुखात ठेवीन असं मी म्हणणार नाही!" आत्याबाई काठी आपटत, तोंडानं मेंढरं हाकल्यासारखा आवाज काढत वाघर आणि ऊस यांच्या मधे गेल्या. तेवढ्यात बांधामागून आबा उठून उभे राहिले. ते तिथे कशासाठी बसले होते हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

"हौसे! माघारी फिर!"

"दादा, पळू नको. जनावर धावून येतं. सूनबाईच्या शेजारी उभा ऱ्हा आन् तिला वाचू दे."

आबा माझ्याजवळ आले. त्यांनी माझा दंड धरला. "वाच बाळा," ते म्हणाले. आणि मी सासऱ्यांच्या शेजारी उभी राहून जिवाच्या आकांतानं पुढचं वाचलं. "तो म्हणाला, मी म्हणतो ते एवढंच, की तुझ्याशिवाय हा माळ मला आता मोठा वाटतो! तिनं त्याचा हात धरला! ती त्याच्या अगदी जवळ आली!" उसाचे शेंडे हलले. माझा आवाज फाटला. आत्याबाई तसूभरही मागे हटल्या नाहीत, उलट आणखी एक पाऊल पुढे गेल्या आणि काठी डोक्यावर उचलून एक आरोळी ठोकली. तसला आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. उसाची सळसळ लांब लांब गेली आणि थांबली.

पाहुणे धावत आले, कुत्री आली, कळप आला. एकही कोकरू गेलं नव्हतं. आणि तेव्हा आत्याबाई खाली बसल्या. माझ्या डोळ्यांदेखत रानात पहिल्यांदाच, मातीत, पाय पसरून. त्यांच्या तोंडावर हसू होतं. घरात भाकरी थापताना, शेंगा फोडताना, टीव्ही बघताना मी त्यांना हसताना पाहिलं होतं, पण ते हे नव्हतं. हे मी एकटीनं नाही पाहिलं. आबाही बघत होते.

"ह्यो परत येनार," पाहुणे म्हणाले. "उद्या सकाळच्याला वाडा हलवतो."

आबा लगेच म्हणाले, "पर पुस्तक संपलं न्हाई अजून."

"एकच प्रकरण आहे. मी आत्ता वाचते," मी म्हणाले.

"नको," आत्याबाई म्हणाल्या. "मी जाते, दादा."

आबांनी माझा दंड सोडला. मग त्यांना सुचलं ते भलतंच. "आन् त्याचा शेवट?"

"ऱ्हाऊ दे हितंच. कायतरी ऱ्हायलं पायजे म्हायेराला. तवा तर माघारी येईन."

रात्री आबा ओट्यावर आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सूनबाई, शेवटाला ती मरत न्हाई ना?"

"आबा, मला सांगायला बंदी आहे."

"एवढंच सांग."

मी नुसतं हसले. त्यांनी ते 'नाही' असं धरलं असावं, कारण ते उठून झोपायला गेले.

पाट लावल्याशिवाय बहीण मेंढरामागे जाणार नाही, हे आबांनीच ठरवलं. वाडा पुढे निघून गेला आणि थोड्या दिवसांनी आम्ही गाडी करून आत्याबाईंना शिरूरला घेऊन गेलो. तिथे चार वडीलधारे, हिरवं लुगडं, गोडाचं जेवण, एवढंच. निघताना आबा पाहुण्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "हायवे वलांडायचा आसंल तवा मला फोन करायचा. मी यीन." पाहुण्यांना वाटलं बोलायची रीत असेल. पण फाल्गुनात फोन आला आणि आबा खरंच गेले. लाल टॉवेल हातात धरून हायवेच्या मधोमध उभे राहिले, दोन्हीकडचे ट्रक थांबवले, ड्रायव्हरांच्या शिव्या खाल्ल्या आणि शेवटचं मेंढरू पलीकडे जाईपर्यंत हलले नाहीत. आत्याबाई कळपाच्या मागे होत्या. त्यांनी हात केला, आबांनी टॉवेल हलवला. घरी आल्यावर ते मोरीत बराच वेळ तोंड धूत होते.

आत्याबाई गेल्यापासून ओटा रिकामा वाटतो. मी वाचत असते, पण एकटीनं वाचलेली गोष्ट मला आता अर्धवट लागते. कुणी "मोठ्यानं वाच" म्हणत नाही, आतल्या बातम्यांचा आवाज कमी होत नाही. त्यांची मला फार आठवण येते. ती कादंबरी आबांनी आपल्या कपाटात ठेवून दिली आहे. उघडून बघितली तरी त्यांना ते इंग्रजी वाचता येणार नाही, पण मलाही उघडू देत नाहीत.

आता दिवाळी तोंडावर आली आहे. बाजरी निघाली. नवऱ्यानं यंदा बांधाकडच्या रानातही ऊस लावायचं ठरवलं होतं, बेणंही बघून ठेवलं होतं. आबा म्हणाले, "तिथं ऊस लावायचा न्हाई. रान मोकळं ठेवा. आन् कडंचा ऊस पयला तोडा, लपाया जागा नको." नवऱ्यानं नुकसान समजावून सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच सांगितलं.

काल कॉलेजातून आले तेव्हा ते त्या मोकळ्या रानात होते. भीमेकडून येणाऱ्या वाटेकडे तोंड, काठी रोवलेली, हातांवर हनुवटी आणि एक पाय गुडघ्याला टेकवायचा प्रयत्न चाललेला. पाय टिकत नव्हता. मला बघून त्यांनी तो खाली घेतला.

"सूनबाई," ते म्हणाले, "पुस्तक काढून ठिवलंय. हौसी आली का हितंच वाच. आवंदा मी बी उभ्यानंच ऐकनार हाय."